पाणी बाधते म्हणजे नेमके काय?

मराठवाड्यात दर जून-जुलैमध्ये एक मोठे स्थलांतर होते. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराइतकी त्याची चर्चा होत नाही. दहावी झालेली मुले-मुली मुखेड, देगलूर, किनवट, जळकोट, अहमदपूर अशा तालुक्यांतून लातूरला किंवा नांदेडला शिकायला येतात. ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाल्यापासून हा ओघ चालूच आहे. कुणी वसतिगृहात राहते, कुणी चौघांत एक खोली घेते, जेवण मेसचे किंवा डब्याचे. पंधरा दिवसांत त्यांतल्या कुणाचा तरी घरी फोन जातो की पोट बिघडले आहे. पलीकडून आईचे उत्तर ठरलेले असते : “नव्या गावचं पाणी बाधलं असंल. मानवंल हळूहळू.”

हीच मुले पुढे पुण्याला जातात, काही दुबईला, काही न्यू जर्सीला. पोट तिथेही बिघडते आणि फोनवरचे उत्तर तेच असते. ‘पाणी बाधणे’ हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की त्यात कोणता कार्यकारणभाव आहे, असे आपण विचारत नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने मात्र विचारायला हवे, कारण या एका शब्दाखाली किमान चार-पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. काहींत आईचे म्हणणे अगदी बरोबर आहे. काहींत ‘मानवेल’ म्हणून वाट पाहणे धोक्याचे आहे.

प्रथम शब्दशः पाण्याकडेच पाहू. नांदेड-लातूरचा बराचसा भाग बेसाल्ट या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. खडकांच्या भेगांत पाणी जितका काळ मुरून राहते तितके त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. म्हणून खोल बोअरचे पाणी बहुधा कठीण असते. साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ लवकर शिजत नाही. (डाळीतील पेक्टिनशी कॅल्शियमची गाठ बसते आणि दाणा मऊ होत नाही. हा प्रयोग दोन वाट्या डाळ घेऊन वर्गातही करता येतो.) पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. सल्फेटसाठी हेच आकडे २०० आणि ४०० असे आहेत.

क्षारांनी पोट बिघडते का? मॅग्नेशियम सल्फेट हे तर जुने रेचक आहे. ते आतड्यात फारसे शोषले जात नाही. आतड्याच्या पोकळीतच राहून ते परासरणाने पाणी धरून ठेवते आणि मळ पातळ होतो. परंतु हा परिणाम दिसायला सल्फेटचे प्रमाण लिटरला १००० मिलिग्रॅमच्या आसपास लागते आणि नवख्या माणसालाही थोड्याच दिवसांत त्याची सवय होते. शिवाय बेसाल्टमधल्या पाण्यात सल्फेटपेक्षा बायकार्बोनेटचे क्षार अधिक असतात. तेव्हा ‘पाणी जड आहे’ ही तक्रार डाळीच्या आणि साबणाच्या बाबतीत खरी असली, तरी जुलाबाचा आरोप तिच्यावर ठेवण्यापूर्वी पाण्याची तपासणी केलेली बरी. लातूरने तर याच्या उलटा प्रकारही पाहिला आहे. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले. तेव्हा माणसे जागच्या जागी राहिली आणि सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास कृष्णेच्या पाण्याने केला.

क्षार बाजूला ठेवले की उरतात जंतू, आणि खरी गोष्ट येथे सुरू होते.

परगावी गेल्यावर अचानक लागणाऱ्या जुलाबांचे एक प्रमुख कारण म्हणजे ई. कोलाय या जिवाणूचा एक विषारी प्रकार. ई. कोलाय तुमच्या-माझ्या सर्वांच्या आतड्यात असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. या प्रकाराजवळ मात्र एक विष तयार करण्याची जनुके असतात. हे विष पटकीच्या विषाचे जवळचे नातलग आहे. पटकीचे जंतू आतड्यात विष सोडतात हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशांवरील प्रयोगांनी दाखवले आणि १९५९ मध्ये ते प्रसिद्ध केले. विषाच्या प्रभावाने आतड्याच्या अस्तरातील पेशी क्षार बाहेर टाकू लागतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. पेशी मरत नाहीत, आतड्याला जखम होत नाही, फक्त नळ उघडा राहतो. म्हणून या जुलाबात सहसा रक्त पडत नाही आणि तीन ते पाच दिवसांत शरीर स्वतःच तो नळ बंद करते.

आता मुख्य प्रश्न. तेच पाणी पिऊन गावातल्या लोकांना काही होत नाही, मग पाहुण्यालाच का होते? १९७० च्या दशकात मेक्सिकोतील एका विद्यापीठात याचा पद्धतशीर अभ्यास झाला. अमेरिकेतून नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना जुलाबाचा त्रास लॅटिन अमेरिकेतील विद्यार्थ्यांपेक्षा पुष्कळ जास्त झाला. पाणी आणि परिसर सारखाच, पण आतड्यांचा पूर्वानुभव वेगळा. ज्या भागात असे जंतू नेहमीचे आहेत तेथील मुले लहानपणीच त्यांना तोंड देतात आणि आतड्याच्या अस्तरावर त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तयार असतात. या पहिल्या भेटीची किंमत फार मोठी असते. ‘आमच्या मुलांना सगळं पचतं’ असे अभिमानाने म्हणताना, त्या वयात न पचल्यामुळे दगावलेली मुले हिशेबात येत नाहीत. ही प्रतिकारशक्ती काही वर्षे संबंध न आल्यास ओसरतेही.

आपल्या मुखेडच्या मुलाला मुखेडच्या जंतूंची ओळख असते. लातूरच्या वसतिगृहात दहा तालुक्यांचे जंतू एका टाकीवर, एका ओगराळ्यावर एकत्र येतात. भरीला हंगाम. प्रवेशाचे दिवस आणि पहिल्या पावसाचे दिवस एकच. उघड्यावरची घाण या पाण्याबरोबर विहिरीत, ओढ्यात, गळक्या जलवाहिनीत शिरते. ज्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही तेथे आणखी एक गोष्ट घडते. वाहिनीत दाब असतो तेव्हा गळतीतून पाणी बाहेर जाते, पण वाहिनी रिकामी होताना त्याच भेगेतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ पाणी भरू नये, ही शेजारच्या मावशींची सूचना शास्त्रीय आहे. तेव्हा जुलैत पोट बिघडले, तर दोष गाव नवे असल्याचा किती आणि महिना जुलै असल्याचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही. त्या गावचे जुने रहिवासीही त्या दिवसांत दवाखान्याच्या रांगेत दिसतात.

पाण्यात मैल्याचा अंश आहे का, हे शाळेतही तपासता येते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. निर्जंतुक बाटलीत पोषकद्रव्ये व लोहाचा क्षार लावलेली कागदाची पट्टी असते. तीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. मैल्याबरोबर येणारे अनेक जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि त्याने लोहाचे काळे सल्फाइड बनते. एक-दोन दिवसांत बाटली काळी पडली तर पाणी संशयास्पद. बाटली उघडू नये, नंतर ब्लिचिंग पावडरचे दाट द्रावण घालून मगच टाकावी. क्लोरीनसाठी ग्रामपंचायतीत ओटी चाचणी असतेच. टीसीएल पावडर टाकल्यानंतर नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. घरी किंवा खोलीवर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पाणी खळखळ उकळणे. त्याने क्षार फारसे जात नाहीत, जंतू जातात. वीस लिटरच्या जारचे पाणी थंड असते म्हणून ते शुद्ध असते असे नाही. आणि पाणी कितीही चांगले असले, तरी ते काढताना बुचकळलेला हात धुतलेला नसेल तर सगळे मुसळ केरात.

जुलाब लागलेच तर काय करायचे? येथे ‘पोटाला विश्रांती’ म्हणून पाणी आणि जेवण दोन्ही बंद करण्याची जुनी चाल आहे. ती घातक आहे. जुलाबात माणूस मरतो तो जंतूंमुळे नव्हे, तर पाणी व क्षार गेल्यामुळे. नुसते पाणी पाजले तर आतडे ते पुरेसे घेत नाही. परंतु आतड्याच्या पेशींत एक असे द्वार आहे की ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. या जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. पटकीचे किंवा ई. कोलायचे विष या द्वाराला धक्का लावत नाही. म्हणजे बाहेर जाणारा नळ बंद करता आला नाही तरी आत येणारा दुसरा नळ चालू करता येतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सायट्रेट असते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. प्रमाण महत्त्वाचे का, याचे उत्तर पुन्हा परासरणातच आहे. साखर फार झाली तर आतड्यातील द्रव रक्तापेक्षा दाट होतो आणि पाणी उलट आतड्याकडे ओढले जाते. शीतपेयाने जुलाब वाढतात ते यामुळे. दुकानात ‘ओआरएस’ असे नाव मिरवणारी गोड पेये खोक्यांतून मिळत. सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. ती पुष्कळ आधी व्हायला हवी होती. मीठ घातलेली पेज आणि ताक चांगले. जेवण चालूच ठेवावे. लहान मुलांना डॉक्टर जोडीला जस्ताच्या गोळ्या देतात, त्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण द्याव्यात.

परदेशी गेलेल्यांची तक्रार मात्र पुष्कळदा याच्या उलट असते. पाणी स्वच्छ, जुलाब नाहीत, पण पोट साफ होत नाही आणि सारखे फुगते. येथे बाधते ते पाणी नव्हे, ताट.

आपल्या मोठ्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंची संख्या आपल्या शरीरातील एकूण पेशींच्या जवळपास बरोबरीची आहे. (पूर्वी दहापट सांगत, पण २०१६ मध्ये नव्याने केलेल्या मोजदादीत ती तेवढी भरली नाही.) जे तंतुमय पदार्थ आपण पचवू शकत नाही त्यांवर हे जिवाणू जगतात. त्या बदल्यात ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन हेच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम असतात. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात ते पावणेतीनच्या आसपास भरतात. दोन वेळा ज्वारीची भाकरी, वरण, मेथी किंवा अंबाडीची भाजी खाणारा मुलगा पाव, पिझ्झा आणि पांढरा भात यांवर आला की त्याच्या आतड्यातील लोकांवर दुष्काळ पडतो. यासाठी अमेरिकेलाच जावे लागते असे नाही. रोज सकाळी पोहे-पाव आणि रात्री मैद्याची रोटी देणारी मेस नांदेडातही आहे.

या दुष्काळात काय होते, याचा सुंदर अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. थायलंडमधील आणि तेथून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात आलेल्या ह्मोंग व कारेन समाजांतील ५०० हून अधिक स्त्रियांच्या आतड्यांतील जिवाणूंची तुलना करण्यात आली. काही जणींचा माग तर आल्यापासून पहिले सहा महिने ठेवला गेला. तेवढ्या अवधीतच बदल दिसू लागला. वनस्पतींच्या तंतूंवर जगणारे प्रिव्होटेला हे जिवाणू घटले आणि त्यांची जागा बॅक्टेरॉइडिस घेऊ लागले. एकूण विविधता कमी झाली. वास्तव्य जितके जुने तितका फरक जास्त आणि पुढच्या पिढीत आणखी जास्त. या बदलानेच पोट बिघडते असे त्या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण एक व्यावहारिक गोष्ट त्यातून समजू शकते. दोन वर्षे मैद्यावर राहून सुट्टीत घरी आलेला मुलगा पहिल्याच दिवशी तीन भाकरी आणि हुलग्याचे पिठले खातो, आणि रात्रभर पोट धरून बसतो. जे तंतू खाणारे जिवाणू विरळ झाले आहेत त्यांना वाढायला आठवडा-दोन आठवडे द्यावे लागतात. परदेशी जातानाही तेच. ओट, राजमा, हरभरा, सालीसकट फळे तिथेही मिळतात, ती हळूहळू वाढवावीत आणि सोबत पाणी प्यावे.

मग दूध. आपल्याकडे मुलगा परदेशी निघाला की ‘दूध-ब्रेडवर तरी राहशील’ असे सांगतात, आणि तिथे दूध स्वस्त, दाट व मुबलक असते. दुधातील शर्करा फोडणारे लॅक्टेज हे विकर तान्ह्या मुलात भरपूर असते. बहुतेक माणसांत ते वाढत्या वयाबरोबर घटते. ते मोठेपणीही टिकवणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडे अधिक आढळतो, दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला पंजाबातून येणारा यात्रेकरू मोठा पेला दूध सहज रिचवतो. आपल्यातल्या अनेकांना ते जमत नाही आणि गंमत म्हणजे ते आपल्याला ठाऊकही नसते. कारण मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत दूध दिसते ते चहात चमचा-दोन चमचे, बाकीचे दही-ताक होऊन. दही लावताना जिवाणू शर्करेचा काही भाग आधीच संपवतात आणि त्यांचे स्वतःचे विकर आपल्या आतड्यातही काम करते. परदेशी गेल्यावर सकाळी दुधातले सीरियल, दुपारी दुधाळ कॉफी, रात्री आइस्क्रीम. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जाते, तेथे आंबते, हायड्रोजन वायू होतो, पोट फुगते आणि पातळ होते. निदानासाठी उच्छ्वासातला हायड्रोजनच मोजतात. दूध आठवडाभर बंद करून पाहणे हा घरगुती प्रयोग त्याहून स्वस्त. लॅक्टेज कमी असलेल्या माणसालाही एका वेळी पेलाभर, म्हणजे १२ ग्रॅमपर्यंत दुग्धशर्करा सहसा सोसते. तेव्हा दूध कायमचे सोडायची गरज नाही.

वेळापत्रकाचाही हात असतो. सकाळी पोटात काही गेले की मोठ्या आतड्यात हालचाल सुरू होते, ही एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. वसतिगृहात वीस मुलांत दोन संडास आणि साडेसहाचा क्लास असेल तर मुलगा ती संवेदना दाबतो. रोज दाबली की ती मंदावते. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते आणि त्याविषयी बोलले कमी जाते. परीक्षेच्या ताणाने आतड्याची हालचाल बदलते हेही खरे आहे. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे जाळे आहे आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. पण ‘टेन्शनमुळे आहे’ हे निदान इतर कारणे तपासल्यानंतरचे आहे, आधीचे नव्हे. जुलाबाचा एखादा जोरदार झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला नंतर काही महिने पोट दुखणे, कधी पातळ कधी घट्ट असा त्रास राहतो. तो कामचुकार नसतो.

‘मानवेल’ म्हणून वाट कधी पाहू नये? शौचात रक्त, अंगात ताप, तीन दिवसांनीही न थांबणारे जुलाब, सहा-आठ तास लघवी न होणे, पाणीही पोटात न ठरणे, डोळे पिवळे दिसणे किंवा आठवड्यांगणिक वजन उतरत जाणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरकडे त्याच दिवशी न्यावे. विषमज्वर आणि कावीळ हेही पाण्यातूनच येतात आणि आरंभी ‘पाणी बाधल्या’सारखेच वाटतात. वर्गात दहापैकी तीन मुले एकाच आठवड्यात आजारी पडली, तर शिक्षकाने मुलांच्या प्रकृतीआधी टाकीचे झाकण पाहावे आणि आरोग्य केंद्राला कळवावे.

राहिली औषधाच्या दुकानातील गोळी. दोन प्रतिजैविके एकत्र असलेली पाच-सहा गोळ्यांची पट्टी पोट बिघडले की सर्रास दिली जाते, आणि दोन गोळ्यांनंतर बरे वाटले की उरलेल्या खिशात राहतात. साध्या जुलाबात तिची गरज बहुधा नसते. नेदरलँड्समधील सुमारे २००० प्रवाशांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासाआधी आणि नंतर त्यांच्या आतड्यांतील जिवाणू तपासले. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू ३४ टक्के प्रवाशांनी सोबत नेले होते. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडे, येऊन गेलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के होते. प्रवासात ज्यांनी प्रतिजैविके घेतली होती त्यांना हा धोका अधिक होता, आणि ते उघड आहे, कारण गोळी जुन्या रहिवाशांना हुसकावते आणि मोकळ्या जागेत दाद न देणारा शिरतो. डिसेंबरच्या सुट्टीत अमेरिकेहून नांदेडला येणारे आपलेच लोकही या हिशेबात प्रवासीच. बारा वर्षे बाहेर राहिल्यावर आतड्याला जुनी ओळख उरलेली नसते, ‘आम्ही इथलेच’ असे त्याला कितीही सांगितले तरी. त्या डच प्रवाशांपैकी निम्म्यांच्या पोटातून हे जिवाणू परतल्यावर महिन्याभरात नाहीसे झाले. दहातल्या एकाच्या पोटात ते वर्षभरानंतरही होते.